उत्पादन कार्यक्षमतेचे मोजमाप आणि निर्णयवृक्ष

एखाद्या तालुक्यातील दूध संस्था, शाळा अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या कामाचा वार्षिक आढावा घेतला जातो, तेव्हा झालेल्या कामाचे आकडे समोर असतात आणि खर्ची पडलेल्या साधनसामग्रीचे आकडेही समोर असतात. तिसरा एक आकडा मात्र नसतो. एवढ्या साधनसामग्रीत जास्तीत जास्त किती काम होऊ शकले असते, हा तो आकडा होय. तो कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नसतो. त्याचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज ज्या रीतीने बांधला जाईल, त्यावर कोणाचे कौतुक व्हावयाचे आणि कोणाकडे खुलासा मागावयाचा हे ठरते. म्हणूनच अंदाजाची रीत हा केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या आवडीचा विषय राहत नाही.

व्यवहारात बहुधा दोन रीती आढळतात. पहिलीत उद्दिष्ट वरून नेमून दिले जाते आणि ते ज्याने ठरविले त्याच्या मनातील आकड्यावर सारे अवलंबून राहते. दुसरीत सर्वांची सरासरी काढली जाते. सरासरी दिसावयास न्याय्य दिसते. परंतु तीत उत्तम काम आणि निकृष्ट काम यांची सरमिसळ झालेली असते. सरासरी गाठली म्हणजे जेवढे शक्य होते तेवढे झाले, असा अर्थ मुळीच होत नाही.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या दिशेने शोधले. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेम्स फॅरेल यांनी १९५७ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात उत्पादन कार्यक्षमतेच्या मोजमापावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ४८ राज्यांच्या शेतीची आकडेवारी त्यांनी उदाहरणादाखल घेतली होती. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, कोणत्याही उत्पादकाची तुलना कागदावरील आदर्शाशी करू नये व सरासरीशीही करू नये. त्याच्यासारखीच साधने वापरून ज्यांनी सर्वाधिक उत्पादन प्रत्यक्षात काढून दाखविले आहे, त्यांच्याशी ती करावी. असे उत्तम उत्पादक एका काल्पनिक रेषेवर असतात. या रेषेला उत्पादन सीमा म्हणतात. इतर उत्पादक या सीमेपासून जितके खाली, तितकी त्यांची कार्यक्षमता कमी.

कल्पना सोपी आहे. अडचण आहे ती सीमा आखण्याची.

आठ दूध संस्थांचे उदाहरण

पुढील विवेचनासाठी आठ दूध संस्थांचे एक काल्पनिक उदाहरण घेणे सोयीचे होईल. सभासदांकडील दुभती जनावरे हे एकमेव साधन आणि रोजचे दूध संकलन हे एकमेव उत्पादन असे समजू.

पहिली संस्था: जनावरे २०, दूध ९० लिटर
दुसरी संस्था: जनावरे ३०, दूध १५० लिटर
तिसरी संस्था: जनावरे ४०, दूध १४० लिटर
चौथी संस्था: जनावरे ५०, दूध २४० लिटर
पाचवी संस्था: जनावरे ६०, दूध २०० लिटर
सहावी संस्था: जनावरे ७०, दूध २६० लिटर
सातवी संस्था: जनावरे ८०, दूध ३४० लिटर
आठवी संस्था: जनावरे ९०, दूध ३३० लिटर

एकूण जनावरे ४४० आणि एकूण दूध १,७५० लिटर. म्हणजे दर जनावरामागे सरासरी सुमारे ४ लिटर. या मापाने पाहिल्यास पहिली, दुसरी, चौथी आणि सातवी या संस्था सरासरीच्या वर आहेत व उरलेल्या चार खाली. पण हे माप आठव्या संस्थेला सहाव्या संस्थेपेक्षाही किंचित मागे टाकते. संस्था मोठी होत जाते तसे चारा, पाणी व पशुवैद्यकीय सेवा यांवरचा ताण वाढतो आणि दर जनावरामागे मिळणारे दूध कमी होऊ शकते, याची दखल सरासरीत घेतली जात नाही.

आता प्रत्यक्षातील उत्तम कामाशी तुलना करून पाहावयाची. सर्वांत सावध नियम असा: एखादी संस्था तेवढ्याच किंवा त्याहून कमी जनावरांवर अधिक दूध देत असेल, तरच दुसऱ्या संस्थेला कमी लेखावे. या नियमाने तिसरी संस्था मागे पडते, कारण दुसरीने ३० जनावरांवर १५० लिटर दूध गोळा केले आहे. पाचवी चौथीच्या मागे पडते आणि आठवी सातवीच्या. उरलेल्या पाच संस्थांना मागे टाकणारे कोणीच नसल्याने त्या पूर्ण कार्यक्षम ठरतात. सीमा जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसू लागते: ९०, १५०, २४०, २६० आणि ३४० लिटर.

ही पद्धती फ्री डिस्पोजल हल या नावाने ओळखली जाते. डेप्रिन्स, सिमार आणि तुल्केन्स या बेल्जियममधील अभ्यासकांनी १९८४ साली ती मांडली आणि तिचे पहिले उदाहरण म्हणून टपाल कचेऱ्यांतील मनुष्यबळाच्या कार्यक्षमतेचा अभ्यास केला. टपाल कचेरी नफ्यासाठी चालत नाही, तिच्या कामाला बाजारभाव नसतो. तरीही अमुक इतक्या श्रमांत किती टपाल हाताळले गेले हे मोजता येते. सार्वजनिक सेवांच्या बाबतीत या साऱ्या अभ्यासाचे महत्त्व आहे ते यामुळेच.

त्यापूर्वी १९७८ साली चार्न्स, कूपर आणि रोड्स या अमेरिकी अभ्यासकांनी डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे आकडेवारीला वरून आवेष्टित करणारी पद्धती, प्रसिद्ध केली होती. तिच्या जन्माची हकीकत शिक्षकांना विशेष जवळची वाटेल. एडवर्डो रोड्स हे आपल्या प्रबंधासाठी वंचित मुलांच्या शिक्षणाकरिता अमेरिकेत चालविण्यात आलेल्या फॉलो थ्रू या कार्यक्रमाचा अभ्यास करीत होते. वाचन, गणित आणि मुलांचा आत्मसन्मान अशी तीन फळे मोजावयाची होती. आईचे शिक्षण, कुटुंबातील व्यवसाय, पालकांच्या शाळेतील भेटी, शिक्षकांची संख्या अशी साधने होती. आत्मसन्मानाची रुपयांत किंवा डॉलरमध्ये किंमत कशी करावयाची? कोणत्याही किमतीवाचून अनेक साधने आणि अनेक फळे एकत्र तोलणारी पद्धती त्या अडचणीतून जन्माला आली. ७० शाळा केंद्रांवरील तिचा उपयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत पायऱ्यांऐवजी उत्तम संस्थांना जोडणाऱ्या सरळ रेषा आखल्या जातात. चौथी आणि सातवी संस्था यांना जोडणारी रेषा ७० जनावरांपाशी सुमारे ३०७ लिटर दाखविते. साहजिकच पायऱ्यांच्या पद्धतीत निर्दोष ठरलेली सहावी संस्था येथे ८५ टक्क्यांवर उतरते. यामागे एक गृहीत आहे: दोन संस्थांच्या कामाचे मिश्रण करून मधली स्थिती निर्माण करता येते. दुधाच्या बाबतीत ते कदाचित मान्य होईल. परंतु एक शिक्षकी शाळा आणि चार शिक्षकी शाळा यांच्या मधोमध अडीच शिक्षकांची शाळा असते असे म्हणता येत नाही.

पाचांपैकी पाच गुण

पायऱ्यांची पद्धती असे कोणतेही गृहीत लादत नाही, म्हणून ती अधिक प्रामाणिक वाटते. पण तिचा दोष याच सावधपणात आहे. तिला तुलनेसाठी जोडीदार सापडला नाही की ती संबंधित संस्थेला पूर्ण गुण देऊन मोकळी होते. वरील उदाहरणात पहिल्या संस्थेपेक्षा लहान संस्थाच नाही. तेव्हा तिने ९० लिटरऐवजी ४० लिटर दूध दिले असते तरी ती शंभर टक्के कार्यक्षमच ठरली असती. साधने व फळे यांची संख्या वाढत जाते तसा हा दोष वाढतो. शिक्षक, वर्गखोल्या, अनुदान, पटसंख्या, पालकांचे शिक्षण अशी पाच सहा साधने घेतली की जवळजवळ प्रत्येक शाळा कोणत्या ना कोणत्या बाबतीत आगळीवेगळी ठरते आणि यादीतील बहुतेक शाळांपुढे पूर्ण गुण लिहिले जातात. असा अहवाल कोणाच्याही भावना दुखवीत नाही आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

संख्याशास्त्रात या दोषाला एक व्यापक नाव आहे. हाती आलेल्या आकड्यांना नको तितके चिकटून राहणे, असे त्याचे वर्णन करता येईल. शिंप्याने एका माणसाच्या मापाचा अंगरखा इतका तंतोतंत शिवावा की त्याच बांध्याच्या दुसऱ्या माणसाला तो चढू नये, तसा हा प्रकार आहे. हाती आलेल्या आठ संस्थांचे वर्णन पायऱ्या अचूक करतात. परंतु दूध उत्पादनाची खरी शक्यता काय आहे, हे त्या नेहमी कमीच सांगतात. या दोषावरील उपाय एका वेगळ्याच शास्त्रात तयार होत होता.

निर्णयवृक्ष म्हणजे काय?

१९८४ सालीच लिओ ब्रायमन, जेरोम फ्रीडमन, रिचर्ड ओल्शेन आणि चार्ल्स स्टोन या चौघा संख्याशास्त्रज्ञांचा वर्गीकरण व अनुमान करणाऱ्या वृक्षांवरील ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी एक उदाहरण आहे. सॅन दिएगो येथील विद्यापीठीय रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या रुग्णाच्या पहिल्या चोवीस तासांत १९ बाबी नोंदविल्या जात. कोणता रुग्ण अधिक धोक्यात आहे हे ओळखावयाचे होते. सर्व आकडेवारीतून अखेर तीन प्रश्नांचा एक वृक्ष तयार झाला. किमान रक्तदाब ९१ पेक्षा अधिक आहे काय? नसल्यास धोका मोठा. असल्यास, वय साडेबासष्ट वर्षांहून अधिक आहे काय? नसल्यास धोका कमी. असल्यास, हृदयाचे ठोके अतिजलद पडत आहेत काय? बस्स, एवढेच प्रश्न.

निर्णयवृक्षाचे मर्म या उदाहरणात आले आहे. प्रत्येक प्रश्न होय किंवा नाही अशा उत्तराचा असतो. प्रत्येक उत्तरागणिक फांदी फुटते आणि शेवटी पानापाशी निष्कर्ष असतो. कोणता प्रश्न आधी विचारावा हे माणूस ठरवीत नाही. ज्या प्रश्नाने गटातील विसंगती सर्वाधिक कमी होते, तो प्रश्न यंत्र सर्व शक्यता तपासून निवडते. सामान्य वृक्षात प्रत्येक पानाचा निष्कर्ष म्हणजे त्या पानातील नोंदींची सरासरी असते.

पायऱ्यांची पद्धती आणि निर्णयवृक्ष या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी छापल्या गेल्या. निर्णयवृक्षाने काढलेला आलेखही पायऱ्यांचाच असतो. तरीही दोहोंची गाठ पडावयास छत्तीस वर्षे लागली. आपापल्या विषयाच्या भिंती किती उंच असतात याचे हे एक उदाहरण मानावयास हरकत नाही.

ही गाठ घालून दिली ती स्पेनमधील एल्चे येथील मिगेल एर्नान्देस विद्यापीठातील अभ्यासकांनी. मिरियम एस्तेवे, हुआन अपारिसिओ, अलेहांद्रो राबासा आणि हेसुस रॉद्रिगेस-साला यांनी २०२० साली कार्यक्षमता विश्लेषण वृक्ष ही पद्धती प्रसिद्ध केली. त्यांनी मूळ वृक्षात दोन बदल केले. पानाचा निष्कर्ष सरासरीऐवजी कमाल उत्पादनाचा घ्यावयाचा, हा पहिला. कारण शोध सर्वसाधारण कामाचा नसून शक्य कामाचा आहे. दुसरा असा की, अधिक साधने असलेल्या पानाचा निष्कर्ष कमी साधने असलेल्या पानापेक्षा कधीही खाली येता कामा नये.

वृक्ष कसा वाढतो

आठ संस्थांच्या उदाहरणावर ही रीत हाताने करून पाहता येते. आरंभी सर्व संस्था एकाच गटात आहेत. गटातील कमाल दूध ३४० लिटर. म्हणून प्रत्येक संस्थेकडून ३४० लिटरची अपेक्षा. प्रत्येक संस्था या अपेक्षेपासून किती लिटर दूर आहे त्याचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज घेतल्यास ती १,७४,७०० येते. ही बेरीज म्हणजे वृक्षाची चूक. वीस जनावरांच्या संस्थेकडून ३४० लिटर मागणे हास्यास्पदच होय, आणि चुकीचा हा आकडा तेच सांगतो.

आता गटाचे दोन भाग करावयाचे. विभागणी सात ठिकाणी करता येईल. साती ठिकाणी चूक मोजून पाहिल्यास ५० जनावरांपाशी ती सर्वांत कमी, म्हणजे ३९,८०० होते. पहिल्या तीन संस्था एका फांदीवर आणि त्यांच्याकडून अपेक्षा १५० लिटरची. उरलेल्या पाच दुसऱ्या फांदीवर आणि अपेक्षा ३४० लिटरची. दुसऱ्या फांदीचे पुन्हा विभाजन केले तर ते ८० जनावरांपाशी होते. चूक ७,८०० वर येते. या टप्प्यावर वृक्षाला तीन पाने आहेत: पन्नासपेक्षा कमी जनावरांसाठी १५० लिटर, पन्नास ते एकोणऐंशी जनावरांसाठी २६० लिटर आणि ऐंशी व त्यावरील जनावरांसाठी ३४० लिटर.

आणखी वाढवीत गेल्यास चार पानांवर चूक ४,२०० होते आणि पाच पानांवर १,८००. त्यापुढे ती कमी होत नाही. ही पाच पाने म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आधी पाहिलेल्या पाच पायऱ्याच होत. पूर्ण वाढलेला वृक्ष या उदाहरणात जुन्या पद्धतीपाशी येऊन पोहोचतो आणि तिचा दोषही सोबत घेऊन येतो.

तेव्हा छाटणी आवश्यक ठरते. पहिल्या दोन विभाजनांनी चूक पावणेदोन लाखांवरून आठ हजारांच्या आत आणली; पुढच्या दोहोंनी मिळून सहा हजारांची घट केली. या अखेरच्या फांद्या दूध व्यवसायाबद्दल काही सांगत आहेत, की केवळ या आठ संस्थांच्या योगायोगाबद्दल? याचा निवाडा करण्याची एक चाचणी आहे. नोंदींचे पाच किंवा दहा भाग पाडावयाचे, एक भाग बाजूला ठेवून उरलेल्यांवरून वृक्ष वाढवावयाचा आणि बाजूला ठेवलेल्या भागाबद्दल त्याचा अंदाज कितपत जुळतो ते पाहावयाचे. प्रत्येक भागाला आळीपाळीने बाजूला ठेवले की कोणत्या आकाराचा वृक्ष न पाहिलेल्या नोंदींनाही लागू पडतो ते कळते. शिक्षकाने वर्गात सोडवून घेतलेलीच गणिते परीक्षेत घातली तर विद्यार्थ्याला गणित येते की पाठांतर, हे समजत नाही. येथेही तसेच आहे. आठ संस्थांवर अशी चाचणी घेण्यात अर्थ नाही. शेकडो शाळांच्या किंवा संस्थांच्या नोंदी हाताशी असतील तेव्हाच तिला वजन येते. स्पेनमधील अभ्यासकांनी खरी सीमा आधीच ठाऊक असलेली कृत्रिम आकडेवारी तयार करून दोन्ही पद्धती पडताळून पाहिल्या, तेव्हा छाटलेल्या वृक्षाचा अंदाज पायऱ्यांच्या पद्धतीपेक्षा खऱ्या सीमेच्या अधिक जवळ आढळला.

गुणपत्रिका वाचताना

तीन पानांचा वृक्ष ग्राह्य धरला तर आठ संस्थांची कार्यक्षमता अनुक्रमे ६०, १००, ९३, ९२, ७७, १००, १०० आणि ९७ टक्के येते. पूर्ण कार्यक्षम संस्था पाचावरून तीनवर आल्या. निकाल अधिक बोलका झाला. पण तो अधिक न्याय्य झाला असे घाईने म्हणता येणार नाही.

पहिल्या संस्थेकडे पाहावे. तिच्याकडे २० जनावरे आहेत आणि तिच्याकडून अपेक्षा आहे ती ३० जनावरांच्या संस्थेने गाठलेल्या १५० लिटरची. चौथ्या संस्थेचेही असेच आहे. दर जनावरामागे ४.८ लिटर दूध देणारी ही संस्था ९२ टक्क्यांवर थांबते, आणि दर जनावरामागे अवघे ३.७ लिटर देणारी सहावी संस्था पूर्ण गुण मिळविते. कारण उघड आहे. एकाच पानात पन्नास जनावरांची संस्थाही बसते आणि सत्तर जनावरांचीही. पानाच्या आरंभी असलेल्या संस्थेवर अन्याय होतो, शेवटी असलेल्या संस्थेला सवलत मिळते. छाटणीची ही किंमत आहे. नोंदी वाढल्या तर अधिक पाने चाचणीत टिकतात आणि हा अन्याय कमी होतो, परंतु पूर्णपणे नाहीसा होत नाही. म्हणून केवळ टक्केवारीची यादी पुढे पाठविणे धोक्याचे असते; प्रत्येक संस्था आपल्या पानात नेमकी कोठे उभी आहे, हे त्या आकड्याशेजारी लिहिलेले असावयास हवे. ९२ टक्क्यांच्या आधारे चौथ्या संस्थेचे अनुदान कापणारा अधिकारी गणित बरोबर करूनही निर्णय चुकीचा घेत असेल. हा दोष सौम्य करण्यासाठी त्याच स्पॅनिश गटाने पुढे अनेक वृक्षांचे एकत्रित मत घेण्याची रीतही विकसित केली. ब्रायमन यांनी २००१ साली मांडलेल्या यादृच्छिक वनाच्या कल्पनेवर ती आधारलेली आहे. अनेक वृक्षांची मते एकत्र केल्याने पायऱ्यांच्या कडा बोथट होतात. मात्र तीन प्रश्नांचा वृक्ष ग्रामसभेत फळ्यावर काढून दाखविता येतो. पाचशे वृक्षांचे वन दाखविता येत नाही.

आणि वृक्षाचा खरा लाभ या स्पष्टतेतच आहे. कोणत्या संस्थेची तुलना कोणाशी झाली, हे त्यात लपून राहत नाही. तिसऱ्या संस्थेच्या संचालकांना वृक्ष सांगतो की, पन्नासपेक्षा कमी जनावरांच्या गटात १५० लिटरचे काम दुसऱ्या संस्थेने ३० जनावरांवर केले आहे. संचालक तेथे जाऊन पाहू शकतात. किंवा आपल्याकडील निम्मी जनावरे भाकड काळाच्या उंबरठ्यावर असताना ही मोजणी झाली, अशी हरकत घेऊ शकतात. ज्या हिशेबाला हरकत घेता येते, त्याच हिशेबाची दुरुस्ती होते.

नोंदींच्या अचूकतेचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. सीमा उत्तम आकड्यांवर उभी असते, म्हणजेच एकाच चुकीच्या आकड्यावर ती हलू शकते. दुसऱ्या संस्थेचे संकलन मुळात १०५ लिटर होते आणि लिपिकाच्या हातून ते १५० लिहिले गेले, असे समजू. दुरुस्ती करताच पहिल्या पानातील अपेक्षा १४० लिटरवर येते. दुसरी संस्था १०० वरून ७५ टक्क्यांवर घसरते, तिसरी ९३ वरून पूर्ण गुणांवर जाते आणि पहिली ६० वरून ६४ वर. दोन अंकांची अदलाबदल झाली आणि तीन संस्थांची प्रतिष्ठा बदलली. सरासरीच्या पद्धतीत अशी चूक सर्वांमध्ये विरून जाते. येथे ती अग्रभागी जाऊन बसते.

नशीब आणि कार्यक्षमता यांची फारकत करणेही वृक्षाला साधत नाही. एका गावात वळवाचा पाऊस वेळेवर झाला आणि शेजारच्या गावात झाला नाही, तर वृक्षाच्या लेखी पहिले गाव कार्यक्षम व दुसरे अकार्यक्षम. शेतीच्या बाबतीत ही उणीव गंभीर आहे. ती भरून काढणाऱ्या पद्धती १९७७ सालापासून अस्तित्वात आहेत. त्यांत सीमेपासूनच्या अंतराचे दैव आणि कार्यक्षमता असे दोन हिस्से पाडले जातात. त्यांचा एक सुप्रसिद्ध उपयोग भारतीय शेतीवरच झालेला आहे. इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातील निवडक गावांत वर्षानुवर्षे शेतकरी कुटुंबांच्या नोंदी घेतल्या. महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कांझरा व किनखेडा ही गावे त्यांत होती. याच नोंदींपैकी आजच्या तेलंगणातील औरेपल्ली या गावच्या भातशेतीची आकडेवारी घेऊन जॉर्ज बॅटीज आणि टिम कोएली यांनी १९९२ साली शेतकऱ्यांची कार्यक्षमता काळाबरोबर कशी बदलते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९९५ साली शेतकऱ्याचे वय व शालेय शिक्षण यांच्याशी तिचा संबंध तपासला. या पद्धतीत उत्पादनाचे सूत्र मात्र आधीच गृहीत धरावे लागते. वृक्षाला सूत्र लागत नाही. एकाकडे जे आहे ते दुसरीकडे नाही, अशी ही स्थिती आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र कोणत्याच पद्धतीने सुटत नाही. जे साधन मोजलेच गेले नाही, त्याच्या अभावाची शिक्षा संस्थेला होते. आठ संस्थांच्या उदाहरणात म्हैस, संकरित गाय आणि गावठी गाय हे सारे ‘जनावर’ या एकाच शब्दाखाली आले आहे. दुधातील स्निग्धांश मोजलेला नाही, त्यामुळे कमी पण कसदार दूध देणाऱ्या म्हशींचे गाव मागासलेले ठरेल. शाळांच्या बाबतीत तर हे अधिक बोचणारे आहे. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. तेथील शाळेचे शिक्षक, वर्गखोल्या आणि अनुदान वृक्षात घातले, पण हंगामात किती मुले गावाबाहेर होती हा रकाना घातला नाही, तर ती शाळा कोणत्याही वृक्षात खालच्याच फांदीवर दिसेल. हाच रकाना घातला की वृक्ष बहुधा त्यावरच फांदी फोडील आणि त्या शाळेची तुलना तशाच दुसऱ्या शाळेशी होईल. रकाने कोणते असावेत हे गणित ठरवीत नाही. ते गाव ओळखणाऱ्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने आणि पंचायत सदस्याने सांगावे लागते.

प्रत्यक्ष गणना आता अवघड राहिलेली नाही. वृक्षपद्धतीच्या निर्मात्यांनी आर या विनामूल्य संगणकभाषेत तिच्यासाठी एक संच तयार केला आणि २०१८ सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीची देशवार आकडेवारी त्यासोबत सरावासाठी जोडली. जिल्हा पातळीवरील एखाद्या सांख्यिकी कर्मचाऱ्याला काही दिवसांच्या सरावाने ही गणना करता येईल. गणना होऊन यादी तयार झाल्यावर पहिले काम तळाच्या संस्थांना पत्रे धाडण्याचे नव्हे. प्रत्येक पानात जी संस्था सर्वांत वर आहे आणि जिच्या आकड्यावर त्या पानातील सर्वांचे गुण अवलंबून आहेत, तिच्या मूळ नोंदवह्या आधी तपासून घ्यावयाच्या असतात.